वकीलताईंना विचारा : सिनेमा-गाण्यांची वकिली करायचीय

प्रश्न : ताई, मी नाशिकला तीन वर्षांच्या एलएलबीला दुसऱ्या वर्षाला आहे. एंटरटेनमेंट लॉ करायचंय पण आमच्या कॉलेजात तो विषयच नाही. एक ऑनलाइन डिप्लोमा बघितलाय, फी बरीच आहे. पप्पा म्हणतात आधी जिल्हा कोर्टात कुणाच्या तरी हाताखाली बस. काय करू? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : डिप्लोम्याचे पैसे सध्या खिशातच राहू दे. एंटरटेनमेंट लॉ असा एक कायदा नाहीचे, त्यातलं बहुतेक काम १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट आणि १९५७ चा कॉपीराइट अ‍ॅक्ट यावरच चालतं, सेन्सॉरचा १९५२ चा कायदा, ओटीटीसाठी २०२१ चे आयटी नियम हे लागेल तसं वाचता येतं. कॉन्ट्रॅक्ट तुझं झालेलं असणार, ऑप्शनलमध्ये आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) असेल तर डोळे झाकून घे.

आणि कॉपीराइटचं कलम १८ आणि १९ पाठ होईपर्यंत वाच. समजा आपल्या सिडकोतल्या एखाद्या गीतकाराने निर्मात्याला हक्क लिहून दिले आणि कागदावर मुदतच नाही, तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि निर्मात्याने वर्षभर तो हक्क वापरलाच नाही तर कलम १९(४) प्रमाणे तो संपतो, अर्थात अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून तर निर्मात्याचा वकील ‘कायमचे, जगभर, १९(४) लागू नाही’ असं आधीच ठोकून देतो! पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर एक गोष्ट त्यालाही काढून घेता येत नाही, सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर कुठंही वाजलं की रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा वाटा राहतोच, सही केली असली तरी. बऱ्याच कलाकारांना हे माहीतच नसतं.

‘माझी स्टोरी चोरली’ म्हणत येणारे पण खूप भेटतील, त्यांच्यासाठी आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून ठेव, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो.

पप्पांचं म्हणशील तर ते बरोबरच बोलतायत. कॉपीराइटचा दावा जिल्हा कोर्टाच्या खाली लागत नाही आणि कलम ६२ मुळे वादी, म्हणजे दावा लावणारा, राहतो तिथंही लावता येतो (थोड्या अटी आहेत), म्हणजे नाशिकच्या कलाकाराची केस सीबीएस बसस्टँडजवळच्या आपल्या कोर्टात उभी राहू शकते. मनाईहुकमाचा अर्ज कसा लिहितात, तारखेला काय होतं हे तिथंच कळेल, डिप्लोम्यात नाही.

तुला १२ आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, त्यातला एक महिना मुंबईत काढ. ऑफिस अंधेरीला असेल तर अपडाऊनचा नाद सोड, पंचवटी एक्सप्रेसने दादरलाच दहा वाजून जातात, रूम बघ सरळ. आणि अर्जात ‘सिनेमाची प्रचंड आवड’ वगैरे लिहू नकोस, ती सगळ्यांनाच असते, त्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या गायकाचं अ‍ॅग्रीमेंट मागून घे, त्यावर स्वतः टिपणं काढ आणि नावं खोडून सोबत जोड.