स्वतःच्याच पक्षातली टीका कानावर न घेणारा नेता टिकतो कसा?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडचा एक नेता स्वतःच्या पक्षातल्या आमदारांची, कार्यकर्त्यांची टीका अजिबात जुमानत नाही, तरी वर्षानुवर्षं खुर्चीवर आहे. हे त्याला जमतं कसं, आणि असे नेते शेवटी पडतात का? तुम्ही कुठले ते लिहिलेलं नाही. मी गोव्यातला, पेडणे तालुक्यातला, त्यामुळे उत्तर इथलंच देतो.

मी अकरा वर्षं एका पक्षाच्या बूथवर बसलोय. पक्षाचं नाव सांगत नाही. गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. आमच्या वाड्यावर ओहोळावर एक साकव, म्हणजे लहानसा पूल होता. एका पावसाळ्यात त्याची एक बाजू खचली. दुसरा पावसाळा आला तरी तशीच. शाळेतली पोरं लांबून वळसा घालून जायची. मंडळाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हटलं, “साहेब, आपलंच सरकार, आपलाच आमदार, आपलाच पंच. आता मतं मागायला आम्ही कुठल्या तोंडाने जायचं?” सगळे चिडीचूप. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, डायरीत काहीतरी खरडलं आणि म्हणाले, “पळोवया.” मग बटाटेवडे आले.

कोकणी ‘पळोवया’चा अर्थ ‘बघू या’. गोव्याच्या राजकारणात मात्र त्याचा अर्थ ‘बसा आता’ असा होतो.

तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस बहिरा आहे. तसं नव्हतं. गोव्यात पुढाऱ्याला बहिरं राहताच येत नाही. मतदारसंघ चाळीस, एकेकात सरासरी तीस हजारांच्याही आत मतदार. सकाळी तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या नाक्यावर बोललेलं दुपारच्या शितकडीआधी मंत्र्याच्या घरी पोचतं, तेही मीठमसाला लावून. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो दारोदार फिरतो, माटोळीखाली बसून नेवरी खातो, आणि कोण हसून बोललं, कोण आतल्या खोलीत निघून गेलं हे पुढच्या चवथीपर्यंत ध्यानात ठेवतो. म्हणजे ऐकतो सगळं. ऐकून झाल्यावर मात्र एक हिशेब करतो: हा बोलणारा रागावून गेलाच, तर जाणार कुठे, आणि जाताना आपल्याबरोबर किती जणांना नेणार?

माझ्या हिशेबाचं उत्तर आलं शून्य. मी कुठेच जाणार नव्हतो.

आमच्या घरात सिंहाचं, म्हणजे सिंह हे चिन्ह असलेल्या मगोचं (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं) राजकारण. वडिलांच्या दुकानात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची तसबीर होती, तिला रोज उदबत्ती. भाऊंविषयी काही बोलायचं तर आवाज खाली. पण भाऊसुद्धा पक्षातल्यांचं फार ऐकणारे नव्हते, हे वडीलच सांगायचे, आणि कौतुकाने सांगायचे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं. मगोचा जन्मच विलीनीकरणासाठी झालेला, तरी त्यानंतर दोन-तीन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत भाऊ पुन्हा जिंकून आले. मग 1970 मध्ये त्यांच्याच सात आमदारांनी बंड केलं. रोख त्यांच्या एकहाती कारभारावर होता. तीस जणांच्या सभागृहात स्वतःचे सात गेले म्हणजे सरकार गेल्यातच जमा. भाऊंनी बंडवाल्यांची मनधरणी करण्याऐवजी समोरच्या बाकांवरच्या, एरवी हाडवैरी असलेल्या युनायटेड गोवन्सच्या काही आमदारांना हाताशी धरलं आणि सरकार तारलं. 1972 ला लोकांकडे गेले तर मगोच्या जागा 18.

ही गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक होतकरू पुढाऱ्याला पाठ असते. तिच्यातून ते काय शिकतात, तर घरच्यांचं ऐकायची गरज नाही. भाऊंना ते परवडलं, कारण मतं सिंहाला नव्हे, भाऊंना पडत होती. कूळ, मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारा), बहुजन समाजातला साधा माणूस, या सगळ्यांचा थेट त्यांच्यावर जीव. मधल्या आमदाराला वजाच केलं तरी भाऊंकडे शिल्लक राहत होतीच. आपल्या नावावर मतं किती आणि चिन्हाच्या नावावर किती, हे मात्र हे होतकरू लोक स्वतःला विचारत नाहीत.

ऑगस्ट 1973 मध्ये भाऊ गेले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. ताईंचं काम लहान नव्हतं. मुंडकारांचा कायदा आणि कसेल त्याची जमीन करणारी दुरुस्ती त्यांच्याच काळातली. पण 1977 ला मगोच्या जागा आल्या तिसातल्या पंधरा. एवढ्या काठावरच्या संख्येत एकाही आमदाराच्या नाराजीला ‘पळोवया’ म्हणून चालत नाही. एप्रिल 1979 मध्ये शंकर लाड, दिलखुश देसाई आणि दयानंद नार्वेकर हे मगोचेच आमदार विरोधकांच्या बाजूला गेले, सरकार कोसळलं, राष्ट्रपती राजवट आली. पुढच्या निवडणुकीत मगो सातवर. त्यानंतर आजतागायत मगोचा मुख्यमंत्री झालेला नाही. भाऊंना सात जणांनी सोडलं तरी ते तरले, लेकीचं सरकार तिघांनी बुडवलं. आमच्या दुकानात हा विषय निघाला की वडील वजन-मापं पुसायला घ्यायचे.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. 2011 मध्ये दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान दिलं. मराठी-कोकणीवाले खवळले. भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, त्यात पुढे होत्या याच शशिकलाताई आणि संघाचे सुभाष वेलिंगकर. तेव्हा विरोधात असलेला भाजप या आंदोलनात होता. आमच्या तालुक्यातूनही गाड्या भरून माणसं पणजीला गेली. 2012 ला भाजपला चाळिसात 21 जागा मिळाल्या, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले, आणि आधीपासून चालू असलेल्या चर्चच्या शाळांचं अनुदान चालूच राहिलं.

हिशेब समजायला पर्रीकरांएवढी हुशारी लागत नाही. त्या एकवीसमध्ये भाजपच्या तिकिटावर निवडून आलेले ख्रिस्ती आमदार होते. अनुदान काढलं तर ते आणि त्यांचे मतदार जाणार. ठेवलं तर रागावणार कोण? शाखेतले लोक. आणि शाखेतला माणूस भाजपला सोडून जाणार कुठे, काँग्रेसकडे? वेलिंगकर बोलत राहिले, सभा घेत राहिले. नोव्हेंबर 2014 मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री झाले. धोरण तेच राहिलं. ऑगस्ट 2016 मध्ये मंचाच्या लोकांनी गोव्यात आलेल्या अमित शहांना काळे झेंडे दाखवले आणि महिनाअखेर वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात आलं. शेकडो स्वयंसेवक त्यांच्याबरोबर बाहेर पडले. त्यांनी गोवा सुरक्षा मंच नावाचा पक्ष काढला आणि मगो, शिवसेनेबरोबर युती करून 2017 ची निवडणूक लढवली.

सुरक्षा मंचाला एकही जागा मिळाली नाही. म्हणजे नेत्यांचा हिशेब बरोबर निघाला म्हणायचा? पण भाजप 21 वरून 13 वर आला, काँग्रेसला 17 मिळाल्या, आणि मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः आमच्या शेजारच्या मांद्रेत काँग्रेसच्या दयानंद सोपटेंकडून पडले. सगळं खापर वेलिंगकरांच्या बंडावर फोडणं बरोबर नाही, कारणं बरीच होती. पण बूथवर बसणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी पणजीत बसून दिसत नाही. रागावलेला जुना कार्यकर्ता विरोधकाला मत देतोच असं नाही. तो सकाळी उशिरा उठतो. मतदारयादीवर खुणा करत नाही, म्हाताऱ्यांना आणायला रिक्षा पाठवत नाही, दुपारी तीन वाजता ‘अमुक घरातली चार मतं अजून यायची आहेत’ म्हणून फोन करत नाही. या गोष्टींची नोंद कुठल्याच निकालपत्रकात येत नाही.

एवढं होऊनही सरकार भाजपचंच आलं. पर्रीकर दिल्लीहून परतले, आणि सुरक्षा मंचाबरोबर युतीत लढलेल्या मगोने त्यांनाच पाठिंबा दिला. हसू नका, इथे हे रोजचं आहे.

तुमच्या प्रश्नात दुसराही एक धागा आहे. पूर्वी पक्षातली टीका निदान ऐकू तरी यायची. आता ती ऐकूच येत नाही, याला पक्षांतरबंदी कायद्याचाही हात आहे असं माझं मत. 1985 च्या कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. 2003 च्या दुरुस्तीने ती सवलत काढली. आता दोन तृतीयांश जण एकदम दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच आमदारकी वाचते. त्यामुळे एकट्यादुकट्या आमदाराने तोंड उघडून फायदा नाही. तो गप्प राहतो आणि डोकी मोजतो. मग एका रात्रीत सगळे एकदम उठतात. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी 10 भाजपमध्ये गेले. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन ‘फुटणार नाही’ अशा शपथा घ्यायला लावल्या, तरी त्याच सप्टेंबरात 11 पैकी 8 गेले. सगळ्यात गमतीचं गणित आमच्या मगोचं. 2019 च्या मार्चमध्ये त्यांचे आमदार होते तीन. आमचे पेडण्याचे बाबू आजगावकर आणि दीपक पाऊसकर हे दोघे भाजपमध्ये गेले. तिघांतले दोघे म्हणजे दोन तृतीयांश, कायद्याने चोख विलीनीकरण! उरलेले सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्रिपदावरूनही गेले. भाऊंना विलीनीकरण जमलं नाही, ते असं झालं, असं वडील त्या दिवशी म्हणाले. त्यांच्या तोंडून भाऊंवर मी ऐकलेला तो एकच विनोद.

तेव्हा, असे नेते पडतात का? काही पडतात, काही नाही, आणि पडले तरी कित्येकदा टीकेमुळे पडत नाहीत. पार्सेकर सरांचंच बघा. त्यांना हरवणारे सोपटे 2018 मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्येच आले. सर नाराज झाले, उघड बोलू लागले. पक्षाने ऐकलं नाही. 2022 ला तिकीट सोपटेंना, सरांनी पक्ष सोडला आणि अपक्ष उभे राहिले. सोपटेही पडले, सरही पडले, आणि निवडून आले मगोचे जीत आरोलकर. सरांविषयी माझ्या मनात आकस नाही, हरमलला मास्तर म्हणून त्यांना मानणारे पुष्कळ आहेत. पण पक्षातल्यांचं ऐकलं जात नाही तेव्हा कसं वाटतं, हे कळायला त्यांना मुख्यमंत्रिपदावरून उतरून या बाजूला यावं लागलं.

राहिला आमचा साकव. बैठकीनंतर दीडेक वर्षाने माझा चुलतभाऊ समोरच्या पक्षाच्या माणसाबरोबर तिंट्यावर दोन-चारदा चहा घेताना दिसला. तो काही बोलला नव्हता, कुठे प्रवेशही केला नव्हता. पण आमच्या वाड्यावर मतं एकशे चाळीस, आणि त्यातली निम्मी त्याच्या शब्दातली. पंधरा दिवसांत माप घ्यायला माणसं आली, मिरगाच्या आत साकव उभा. उद्घाटनाला साहेब आले, चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मला पुढे बोलावून हातात नारळ दिला आणि म्हणाले, “तू बैठकीत बोलला होतास ना? माझ्या लक्षात होतं.”