बॅलास्ट पाण्याच्या तपासणीच्या प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात?

जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेले बॅलास्ट पाणी दुसऱ्या बंदरात सोडले की त्याबरोबर परके जीवही तिथे उतरतात. मूळचा मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला मुंबई आणि विशाखापट्टणमच्या गोद्यांत आढळतो. म्हणूनच 2004 साली झालेला आणि 8 सप्टेंबर 2017 पासून लागू असलेला बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार हा या प्रशिक्षणाचा पाया असतो.

जहाजावरची बॅलास्ट पाण्याची नोंदवही तपासणे तसे लवकर जमते. खरा कस नमुना घेताना लागतो. पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून घेतलेला नमुना बारीक जाळीतून गाळून, त्यातले जीव मरण्याआधी, शक्यतो सहा तासांच्या आत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि हालचाल दिसेल तोच जीव जिवंत म्हणून मोजायचा असतो. 50 मायक्रोमीटर (मिलिमीटरचा विसावा भाग) व त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरमध्ये दहापेक्षा कमी असावेत, असे मानक आहे. जाळी आधीच्या जहाजानंतर नीट धुतली नसेल, तर त्या जहाजाचा दोष या जहाजाच्या माथी बसतो. माझ्या मते प्रशिक्षणातला अर्धा वेळ याच सवयीवर खर्च व्हावा.

सूक्ष्मजीवांसाठी ई. कोलाय व एंटेरोकोकाय हे आतड्यातले जिवाणू आणि कॉलऱ्याचे जिवाणू यांच्या चाचण्या वेगळ्या शिकवतात.