विषय पक्का आहे, वर्गाचं काय?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत एका लिबरल आर्ट्‌स कॉलेजात (एका व्यवसायापेक्षा व्यापक शिक्षणावर भर देणाऱ्या कॉलेजात) गणित शिकते. तिला शाळेत शिक्षिका व्हायचंय, पण तिच्या कॉलेजात शिक्षणशास्त्राची वेगळी पदवीच नाही. मग तयारी होते कशी?

उत्तर : पदवी गणिताचीच राहते. तिच्या जोडीला शिक्षणशास्त्राचे अभ्यासक्रम, शाळेत बसून केलेलं निरीक्षण आणि शेवटी साधारण १२ ते १५ आठवडे पूर्ण वेळ शाळेत शिकवणं. शाळेत शिकवण्याचा परवाना राज्य देतं, कॉलेज फक्त शिफारस करतं. तेव्हा तिच्या कॉलेजला त्या राज्यात गणितासाठी, तिला हव्या त्या इयत्तांसाठी मान्यता आहे का, हे आधी विचारायला सांगा. नसेल तर पदवीनंतर आणखी एखादं वर्ष द्यावं लागतं.

खरा घोळ वेळापत्रकात होतो. शिकवण्याच्या सत्रात दुसरा अभ्यासक्रम घेणं जवळपास अशक्य असतं, आणि लहान कॉलेजांत वरच्या पातळीचे काही विषय वर्षाआड लागतात. तिसऱ्या वर्षी जागं झालेल्याला मग एकतर सत्र वाढवावं लागतं किंवा परवाना सोडावा लागतो. म्हणून पहिल्याच वर्षी आठ सत्रांचा तक्ता करावा. त्यात आधी शिकवण्याचं सत्र भरावं, मग वर्षाआड लागणारे विषय, आणि दुसऱ्या देशात जाऊन शिकण्याचं सत्र घ्यायचं असेल तर ते उरलेल्या जागेत.

प्रश्न : विषयात इतकी हुशार मुलं वर्गात का अडखळतात?

उत्तर : कारण उत्तर येणं वेगळं आणि मुलाचं उत्तर का चुकलं हे कळणं वेगळं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दुसऱ्या ज्ञानाकडे लक्ष वेधलं. विषयाच्या तासांना ते आपोआप येत नाही, ते मुद्दाम शिकवावं लागतं.

०.३५ आणि ०.७ यांत मोठा कोण? काही मुलं ३५ हे ७ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ सांगतात. काहींची समजूत उलटी असते : दशांशचिन्हापुढे अंक जितके जास्त, तितकी संख्या लहान. हे दुसरं मूल ०.७ सांगतं, उत्तर बरोबर येतं आणि शिक्षक पुढे सरकतो! म्हणून लगेच ०.८५ आणि ०.७ ही जोडीही द्यायची. तिथे दुसऱ्याची चूक उघडी पडते, पहिल्याचं उत्तर मात्र बरोबर येतं. एका जोडीने दोन्ही चुका सापडत नाहीत. गणितात पहिला येणाऱ्यालाही हे कुणी दाखवल्याशिवाय सहसा सुचत नाही.

याचा सराव कॉलेजातच करता येतो. पाच ते दहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, चित्रित करायचा, पाहताना एकाच गोष्टीवर बोट ठेवायचं (उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलो) आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. वेळ नाही म्हणून हा दुसरा पाठ गाळतात, आणि सुधारणा तर तिथेच होते. दुसरी अडचण अशी की समोर विद्यार्थी म्हणून बसलेल्या मित्रांना सगळं येत असतं. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना गुपचूप चिठ्ठ्या द्याव्यात : ‘तू लांब संख्या मोठी समजतोस.’ प्रश्न कितीही फिरवला तरी त्यांनी ती समजूत सोडायची नाही.

प्रश्न : निरीक्षणाच्या तासांना नेमकं काय पाहायचं?

उत्तर : शिक्षकाकडे कमी, एका मुलाच्या वहीकडे जास्त. ते काय लिहितं, काय खोडतं, कुठे थांबतं हे तसंच्या तसं टिपा. ‘वर्ग छान चालला’ असली नोंद कामाची नाही.