अंगणातील हॉली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांकडून हॉली या काटेरी कडांच्या पानांच्या, लाल फळे धरणाऱ्या सदाहरित झाडाविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडील अमेरिकन हॉलीचे झाड निरोगी आहे, दर वर्षी फुलतेही, पण त्याला लाल फळे कधीच धरली नाहीत. खत कमी पडत असेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : खताचा यात काही दोष नाही, आणि फळांच्या आशेने खत वाढवू नये. पपई किंवा जायफळाप्रमाणे हॉलीतही नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फळे केवळ मादीलाच धरतात. मे-जूनमध्ये झाड फुलेल तेव्हा एखादे फूल जवळून पाहावे. त्याच्या मध्यभागी लहानसा हिरवा, फुगीर अंडाशय दिसला तर झाड मादी आहे. फुले दाट झुपक्यांत असून पिवळ्या परागकोशांचे पुंकेसर उठून दिसत असतील तर ते नर आहे. नराला फळे येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. परंतु त्याला काढूनही टाकू नये, कारण त्याच्याच आधाराने आसपासच्या अनेक माद्या फळतात. झाड मादी निघाले, तर जवळपास नर नसावा असे समजावे. परागीभवन मुख्यतः मधमाश्या करतात, त्यामुळे नर शेजाऱ्याच्या अंगणात असला तरी चालतो; मात्र दोघांचा फुलण्याचा काळ जुळला पाहिजे, म्हणून तो शक्यतो त्याच जातीचा असावा. आपल्याच राज्यातील रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी ‘जर्सी प्रिन्सेस’ ही मादी आणि ‘जर्सी नाइट’ हा नर असे दोन उत्तम वाण तयार केले आहेत. बियांपासून वाढवलेले, नर की मादी हे ठाऊक नसलेले रोप घेण्यापेक्षा असे नावानिशी मिळणारे वाण घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण बियांपासून वाढलेल्या रोपाला पहिले फूल येण्यासच कित्येक वर्षे लागतात आणि तोपर्यंत काहीच कळत नाही.

प्रश्न : सदाहरित म्हणून लावलेल्या हॉलीची पाने एप्रिलमध्ये पिवळी पडून गळत आहेत. झाड मरते आहे का? (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : बहुधा नाही. सदाहरित झाडाचे पानही अमर नसते. अमेरिकन हॉलीचे पान दोन-तीन वर्षे टिकते आणि वसंतात नवी पालवी फुटण्याच्या सुमारास गळून पडते. पिवळी पाने फांदीच्या आतल्या, जुन्या भागात आहेत की टोकाला, हे आधी पाहावे. टोकाची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर मात्र झाडाला लोह मिळत नाही. हॉलीला आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी माती लागते. घराच्या पायालगत काँक्रीट आणि गिलाव्यातील चुना मातीत मुरून तिचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजेच आम्लता कमी होते, व जमिनीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. अशा वेळी प्रथम माती परीक्षण करून घ्यावे आणि अहवालात सांगितले असेल तेवढेच गंधक घालावे. बुंध्याभोवती पाइनच्या सुयांचे दोन-तीन इंच आच्छादन करावे, पण ते खोडाला भिडवू नये.

प्रश्न : आडोशासाठी ‘नेली स्टीव्हन्स’ हॉलीची रांग लावली आहे. ती चौकोनी आकारात ठेवण्यासाठी वर्षातून अनेकदा कापतो. फळे फारच थोडी येतात. (फेअरफॅक्स, व्हर्जिनिया)

उत्तर : हा संकर चिनी आणि इंग्लिश हॉलीपासून झालेला आहे आणि त्याच्या कळ्या मागील वर्षीच्या फांद्यांवर येतात, त्यामुळे वारंवार कापल्याने फुलोराच निघून जातो. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या अखेरीस, लांबलेल्या फांद्या हाताच्या कात्रीने निवडून काढाव्यात. हा वाण नराशिवायही काही फळे धरतो, तरी जवळ चिनी हॉलीचा नर असल्यास ती अधिक येतात. वीस फुटांच्या आसपास जाणाऱ्या या झाडाला सहा फुटांत कोंडण्याचा हट्ट मला पटत नाही. कुंपण बुटकेच हवे असेल तर बुटकी जात लावावी. घरात लहान मूल किंवा कुत्रा असल्यास खाली पडलेली फळे वेचून टाकावीत, कारण ती खाल्ल्यास उलट्या आणि जुलाब होतात.

प्रश्न : नाताळच्या सजावटीत दिसणारी चकचकीत पानांची इंग्लिश हॉली अंगणात लावावी का? (सिअ‍ॅटल, वॉशिंग्टन)

उत्तर : कृपया लावू नये. युरोपातून आलेली ही जात तुमच्याकडील सौम्य, ओलसर हवेत फार जोमाने वाढते. पक्षी तिची फळे खाऊन बिया जंगलात नेतात आणि मोठ्या वृक्षांच्या सावलीतही ती रुजून स्थानिक झुडपांची जागा घेते. अंगणात आपोआप उगवलेली रोपे लहान असतानाच, पावसाने माती मऊ असताना, मुळासकट उपटावीत. नुसते कापल्यास बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. तशीच काटेरी कडांची सदाहरित पाने हवी असतील, तर त्याच प्रदेशातील ‘ओरेगन ग्रेप’ लावावे. वसंतात पिवळी फुले आणि उन्हाळ्यात निळसर फळे देणारे हे झुडूप अर्धवट सावलीतही चांगले वाढते.