माउस-कीबोर्ड चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये स्लीप किती सेकंदांचा ठेवावा?

प्रश्न असा आहे: एका जुन्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये शीटमधल्या 200 ओळी भरायच्या आहेत. विंडोजवर पायऑटोजीयूआय (माउस-कीबोर्ड चालवणारी पायथॉनची लायब्ररी) वापरून क्लिक आणि टायपिंगची स्क्रिप्ट लिहिली. ती स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालते, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर क्लिक भलतीकडे पडतात, मध्येच अक्षरं गळतात. दोन क्रियांमध्ये स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबणं, किती सेकंदांचा ठेवावा?

आकडा शेवटाकडे देतो. पण «स्लीप वाढवून बघा» हा सल्ला इतक्या वेळा आणि इतक्या बेफिकिरीने दिला जातो, की त्याचं आधी बोललं पाहिजे. हा सल्ला देणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो: माणूस जसा सावकाश काम करतो तसंच स्क्रिप्टनेही करावं. मला हे मुळातच मान्य नाही. सेव्ह दाबल्यावर माणूस दोन सेकंद मोजत बसत नाही, तो स्क्रीनकडे बघतो. बघून झालं की पुढची की दाबतो. स्लीप घातलेली स्क्रिप्ट फक्त थांबते, बघत काहीच नाही.

एका स्क्रिप्टचं उदाहरण देतो. ती मी अक्षरन् अक्षर तपासली होती आणि तुमच्या कामाशी ती तंतोतंत जुळते. प्रत्येक ओळीत कोड, टॅब, संख्या, टॅब, दर, मग एंटर. एंटरने सेव्ह होऊन फॉर्म रिकामा व्हायचा आणि कर्सर पुन्हा कोडच्या रकान्यात यायचा. स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालायची, एकही एरर नाही, पण नोंदी तपासल्या तर काही गायब आणि काही अनोळखी कोडच्या. स्लीप आधी 1 सेकंद होता, तो 2 केला, मग 5 केला. 200 ओळींना 5 सेकंद म्हणजे 1000 सेकंद, जवळपास 17 मिनिटं नुसती थांबण्यात गेली. चुका तेवढ्याच राहिल्या.

कारण वेळेचं नव्हतंच. कोड आधीपासून असेल तर प्रोग्राम एक छोटा डायलॉग दाखवायचा: नोंद आहे, बदलायची का? येस आणि नो अशी दोन बटणं. स्क्रिप्टला त्याचा पत्ता नव्हता, ती पुढच्या ओळीचा कोड टाइप करायला लागायची. विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्समध्ये ऑल्ट न दाबताही नुसतं वाय किंवा एन अक्षर दाबलं की ते बटण दाबलं जातं. म्हणजे पुढचा कोड केएन204 असेल तर के वाया जायचा, एनने डायलॉग «नो» होऊन बंद व्हायचा, आणि उरलेलं 204 कोडच्या रकान्यात पडायचं. आधीची ओळ बदललीच नाही, आणि पुढची ओळ 204 या भलत्याच कोडखाली सेव्ह झाली. कोडमध्ये वाय असता तर न विचारता जुनी नोंद बदलली गेली असती. इथे स्लीप अर्ध्या तासाचा ठेवला असता तरी हेच झालं असतं, कारण डायलॉग तितका वेळ शांतपणे उभा राहिला असता.

दुरुस्ती केली ती अशी. एंटरनंतर दर 100 मिलिसेकंदांनी दोन गोष्टी तपासायच्या: तो डायलॉग उघडलाय का, किंवा कोडचा रकाना रिकामा झालाय का. डायलॉग असेल तर ठरलेलं बटण दाबायचं आणि ओळ क्रमांक लॉगमध्ये लिहायचा. 15 सेकंदांत दोन्हींपैकी काहीच झालं नाही तर स्क्रीनशॉट घेऊन स्क्रिप्ट थांबवायची. पुढे ढकलायची नाही. बहुतेक ओळी अर्ध्या सेकंदाच्या आत होऊ लागल्या.

हे करायला पायऑटोजीयूआय अपुरं पडतं, कारण त्याला पिक्सेल कळतात, बटणं कळत नाहीत. पायविनऑटो घ्या (विंडोजमधली बटणं आणि रकाने ओळखणारी पायथॉनची लायब्ररी). त्याचे दोन बॅकएंड, म्हणजे प्रोग्रामशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत, विन32 आणि यूआयए. जुन्या प्रोग्रामला आधी विन32 लावून बघा, नव्या धाटणीच्याला यूआयए. कुठला रकाना कोणत्या नावाने किंवा ऑटोमेशन आयडीने (रकान्याची प्रोग्राममधली आतली ओळख) ओळखला जातो ते विंडोजच्या एसडीकेमधल्या (प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा साधनसंच) इन्स्पेक्ट या टूलमध्ये दिसतं. मग विंडो «रेडी» होईपर्यंत वेट, रकान्यात थेट मजकूर, बटणाला नावाने क्लिक. यात स्क्रीनवरची जागा येतच नाही, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं तुमचं दुखणं मुळापासून जातं. ते दुखणं बहुधा स्केलिंगचं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दाखवायचं त्या सेटिंगचं असतं. एकीकडे 100 टक्के आणि दुसरीकडे 125 टक्के असेल तर बटणाची जागाही सरकते आणि आकारही वाढतो, म्हणून चित्र जुळवून क्लिक करण्याची पद्धतही तिथे हात टेकते. दोन मॉनिटर असतील तर आणखी घोळ, कारण पायऑटोजीयूआयचा भरवसा मुख्य मॉनिटरपुरताच आहे.

थेट मजकूर भरण्यात एक खोच आहे. काही जुने प्रोग्राम बेरीज किंवा तपासणी की दाबल्यावर किंवा रकाना सोडल्यावर करतात. मजकूर थेट बसवला तर रकान्यात आकडा दिसतो पण एकूण रक्कम हलत नाही. अशा वेळी मजकूर बसवून खरी टॅब की पाठवा, तेवढ्यानेही नाही झालं तर त्या एका रकान्यात खरंच टाइप करा. पायविनऑटोच्या टाइपकीज फंक्शनमध्ये अधिक, कॅरेट (^), टक्के, कंस आणि टिल्ड (~) ही खास चिन्हं आहेत, ती जशीच्या तशी टाइप होत नाहीत (टिल्ड म्हणजे एंटर!), आणि विथस्पेसेस चालू केलं नाही तर मोकळ्या जागा गाळल्या जातात. ऑटोहॉटकी या विंडोजच्या स्क्रिप्ट-टूलमध्येही अधिक म्हणजे शिफ्ट, कॅरेट म्हणजे कंट्रोल. तिथे मजकूर टेक्स्ट मोडमध्येच पाठवा, म्हणजे चिन्हं जशीच्या तशी जातात.

अक्षरं गळण्याची आणखी दोन कारणं. पायऑटोजीयूआयचं राइट फंक्शन दोन अक्षरांमध्ये काहीच अंतर ठेवत नाही. 0.1 सेकंदाचा जो पॉज आहे तो पूर्ण कॉलनंतरचा, प्रत्येक अक्षरानंतरचा नव्हे. त्याचा इंटरव्हल (दोन अक्षरांमधलं अंतर) 0.02 ते 0.05 सेकंद ठेवा. दुसरं, देवनागरी अक्षरं हे फंक्शन मुकाट्याने वगळतं, एररही देत नाही. मराठी नावं असतील तर क्लिपबोर्डवर ठेवून कंट्रोल-व्ही करा. आणि कंट्रोल दाबल्यापासून सोडेपर्यंतचा भाग ट्राय-फायनली मध्ये ठेवा (एरर आली तरी फायनलीमधलं काम होतंच). मध्येच स्क्रिप्ट कोसळली तर कंट्रोल दाबलेलाच राहतो आणि नंतर हाताने मारलेला साधा एससुद्धा सेव्ह होऊन बसतो.

आता आकडा. क्लिकनंतर फोकस (टाइप केलेलं कुठे जाणार ते) बसायला 50 ते 100 मिलिसेकंद, क्लिपबोर्ड भरल्यावर पेस्ट करण्याआधी साधारण तेवढेच, मेनू उघडल्यावर 200. त्यापुढे कशासाठीही थांबावंसं वाटलं तर तो स्लीप नाही, ती राहून गेलेली तपासणी आहे. एक सेकंदापेक्षा मोठा स्लीप मी दुसऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये पाहिला की तिथेच बोट ठेवतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालत असेल आणि स्क्रिप्ट साध्या अधिकारांनी चालत असेल, तर व्हिस्टापासून विंडोज अधिकारांच्या खालच्या पातळीवरून आलेलं इनपुट अडवतं. असं इनपुट पाठवणारं विंडोजचं सेंडइनपुट फंक्शन याबद्दल धड एररही देत नाही, त्यामुळे सगळं ठीक वाटतं आणि घडत काही नाही. दोन्ही एकाच पातळीवर चालवा. स्क्रीन लॉक केली किंवा रिमोट डेस्कटॉप बंद केला की खोटे क्लिक पोहोचत नाहीत. रिमोट डेस्कटॉपच्या आतल्या प्रोग्रामचं बाहेरून फक्त चित्र दिसतं, तिथे बटणांची नावं मिळत नाहीत. तिथे आणि बटणं स्वतःच चित्रासारखी रंगवणाऱ्या प्रोग्राममध्ये को-ऑर्डिनेट (स्क्रीनवरच्या जागेचे आकडे) वापरण्याला पर्याय नसतो, हे मान्य. लिनक्सवर असंच काम करणारं एक्सडूटूल हे एक्स11 या जुन्या डिस्प्ले प्रणालीपुरतं. वेलँड या नव्या प्रणालीवर वायडूटूल लागतं, ते कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) यूइनपुटमार्फत काम करतं. फेलसेफ कधीही बंद करू नका: माउस कोपऱ्यात नेला की पायऑटोजीयूआय थांबतं, आणि स्क्रिप्ट बिथरल्यावर तेवढंच हातात उरतं.

200 ओळींवर सोडण्याआधी 5 ओळींची चाचणी घ्या. त्यात एक कोड मुद्दाम आधीपासून असलेला ठेवा, एका ओळीत मराठी नाव, एकीत टक्क्याचं चिन्ह, आणि एक ओळ चालू असताना दुसऱ्याच विंडोवर क्लिक करा. त्या शेवटच्या ओळीला स्क्रिप्ट थांबली पाहिजे. दुसऱ्या विंडोत टाइप करत राहिली तर फोकसची तपासणी अजून लिहायची आहे.