वाचकांचे प्रश्न : फ्लेक्सवरची स्पॅनिश ओळ आणि डार्विन वस्तीजवळच्या कबरी

गेल्या अंकात फॉकलंड युद्धावर टिपण आलं होतं. दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटांसाठी १९८२ साली ब्रिटन आणि अर्जेंटिना ७४ दिवस लढले. ब्रिटिश त्यांना फॉकलंड म्हणतात, अर्जेंटिनाचे लोक मालविनास. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेत आहोत.

प्रश्न : वर्ल्ड कपसाठी तालमीसमोर अर्जेंटिनाचा मोठा फ्लेक्स लावायचा आहे. पोरांनी नेटवरून घेतलेल्या चित्रात मेस्सीच्या मागे दोन बेटांचा आकार आहे आणि खाली ‘लास मालविनास सोन अर्खेंतिनास’ असं लिहिलंय. ते ठेवावं का? (शिवाजी पेठ)

काढा. त्या ओळीचा अर्थ ‘मालविनास अर्जेंटिनाचीच आहेत’ असा होतो. अर्जेंटिनात ती सगळीकडे दिसते. सार्वजनिक वाहनांवर आणि स्थानकांत ती लावण्याचा कायदाच २०१४ साली झाला. २०१५ च्या ५० पेसोच्या नोटेवर बेटांचा नकाशा छापला गेला. त्याच घोषणेचा फलक अर्जेंटिनाच्या संघाने जून २०१४ मध्ये स्लोव्हेनियाविरुद्धच्या सामन्याआधी मैदानात धरला, तेव्हा फिफाने त्यांच्या संघटनेला ३०,००० स्विस फ्रँक दंड केला होता.

फिफाचा नियम आपल्या पेठेला लागू नाही, हे खरं. पण त्या चार शब्दांमागे तिथल्या ६४९ घरांतली माणसं गेली आहेत, आणि ज्यांच्या जमिनीबद्दल ते शब्द आहेत त्यांना ते मान्य नाहीत. दुसऱ्याच्या घरातला असा वाद आपल्या चौकात टांगू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. मेस्सीवरचं प्रेम त्या ओळीवाचूनही दिसतं.

डिझाइन करणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. बेटांचा आकार बऱ्याचदा झेंड्याच्या चित्रातच मिसळलेला असतो. नुसती ओळ पुसली तर तो तसाच राहतो, म्हणून झेंडा नव्याने काढून घ्या. आणि झेंड्यावरच्या सूर्याला ३२ किरणं असतात, एक सरळ, एक नागमोडी, अशी एकाआड एक. फ्लेक्सवाले कुठलाही हसरा सूर्य चिकटवून देतात, तो चालवून घेऊ नका.

प्रश्न : मॅराडोनाच्या १९८६ च्या गोलांना युद्धाचा सूड का म्हणतात? खेळ आणि लढाई एवढी एकत्र कशी झाली? (राजारामपुरी)

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १३ जून १९८२ ला स्पेनमध्ये वर्ल्ड कपच्या पहिल्याच सामन्यात अर्जेंटिना बेल्जियमकडून १-० ने हरली. दुसऱ्या दिवशी, १४ जूनला, त्यांच्या सैन्याने बेटांची राजधानी स्टॅनलीत शरणागती पत्करली. ‘आपण जिंकतोय’ अशा बातम्या आठवडेच्या आठवडे ऐकलेल्या लोकांवर हे दोन्ही एकदम कोसळलं.

बेटांवर पाठवलेल्यांत सक्तीच्या भरतीतली पोरं फार होती, बहुतेक १९६२ आणि १९६३ सालच्या जन्माची. मॅराडोनाचा जन्म १९६० चा, म्हणजे तो जवळपास त्यांच्याच बरोबरीचा. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबकडून खेळणाऱ्या अर्जेंटिनाच्या ओस्वाल्डो अर्दिलेसचा वैमानिक चुलतभाऊ या युद्धात मारला गेला. २२ जून १९८६ ला मेक्सिकोत इंग्लंडला २-१ ने हरवताना ५१ व्या मिनिटाला हाताने आणि ५५ व्या मिनिटाला अर्ध्या संघाला चकवून जे दोन गोल झाले, ते या पिढीच्या डोळ्यांसमोर झाले.

आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच मोठं आहे. युद्ध सुरू केलं ते लष्करी राजवटीने, आणि ती राजवट स्वतःच्याच नागरिकांना पळवून ठार मारत होती. त्यामुळे हरल्यावर दुःखात लाज मिसळली. परत आलेल्या पोरांना गुपचूप घरी पाठवण्यात आलं. अन्न चोरल्याबद्दल आपल्याच अधिकाऱ्यांनी थंडीत जमिनीवर हातपाय ताणून बांधून ठेवल्याच्या तक्रारी त्यांनी पुढे कोर्टात नेल्या. युद्धातल्या चुकांची चौकशी करणारा रॅटनबाख अहवाल १९८३ मध्ये तयार झाला, पण सरकारने तो अधिकृतपणे खुला केला २०१२ साली. राजवटीचा जयजयकार न करता पोरांसाठी रडता येईल अशी जागा लोकांना फुटबॉलच्या मैदानात सापडली. २०२२ मध्ये कतारला अर्जेंटिनाचे प्रेक्षक जे गाणं म्हणत होते, त्यात मॅराडोना आणि मेस्सीबरोबर मालविनासच्या पोरांचीही आठवण आहे, ती त्यामुळेच.

प्रश्न : आपली ‘विराट’ युद्धनौका या लढाईत होती हे खरं का? (कदमवाडी)

खरं आहे. तेव्हा तिचं नाव ‘हर्मीस’ होतं आणि ती ब्रिटिश आरमारी ताफ्याची प्रमुख नौका होती. भारताने ती १९८६ मध्ये विकत घेतली. १२ मे १९८७ ला ती ‘विराट’ नावाने नौदलात आली आणि ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली. तिचं ब्रीद ‘जलमेव यस्य, बलमेव तस्य’ आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. अर्जेंटिनाच्या माजी सैनिकाला मात्र त्याच डेकवरून उडालेली सी हॅरियर विमानं आठवतात.

प्रश्न : अनोळखी म्हणून पुरलेल्या सैनिकांची नावं पस्तीस वर्षांनी कशी लागली? इतका उशीर का झाला? (सैनिक टाकळी, ता. शिरोळ)

सैनिकांच्या गावातून आलेला प्रश्न आहे, म्हणून नीट विस्ताराने सांगतो.

युद्धानंतर अर्जेंटिनाच्या सैनिकांचे मृतदेह डोंगरांवर, खंदकांत, घाईने केलेल्या खड्ड्यांत विखुरले होते. १९८३ च्या सुरुवातीला ब्रिटिश अधिकारी जेफ्री कार्डोझो यांच्याकडे ते गोळा करायचं काम आलं. पुष्कळांच्या गळ्यात ओळखपट्टी नव्हती. कार्डोझोंनी प्रत्येक देहाचे खिसे तपासले, पत्र, माळ, जे मिळालं ते नोंदवलं, देह एकावर एक तीन आवरणांत गुंडाळला आणि कुठे सापडला ते न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवलं. डार्विन या वस्तीजवळच्या दफनभूमीत २३०हून जास्त कबरी झाल्या. त्यांतल्या १२१ कबरींवर एकच वाक्य होतं : ‘अर्जेंटिनाचा सैनिक, फक्त देवाला ठाऊक’.

उशीर झाला तो राजकारणामुळे. ब्रिटनने मृतदेह मायदेशी पाठवायची तयारी दाखवली होती. अर्जेंटिनाचं म्हणणं, ते मायदेशातच आहेत, ‘परत’ कुठे आणायचे? कबरी उघडल्या की देह बेटांवरून हलवले जातील आणि आपला हक्कच सैल होईल, ही भीती पुढे अनेक कुटुंबांच्याही मनात बसली. कोंडी फुटली ती माणसांमुळे. २००८ मध्ये अर्जेंटिनाचे माजी सैनिक हुलिओ आरो लंडनला गेले असताना कार्डोझोंनी त्यांना आपला जुना अहवाल दिला. डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला आणि काम आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे सोपवलं गेलं.

२०१७ च्या जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, दफनभूमीतच तात्पुरती प्रयोगशाळा उभारली. एक कबर उघडायची, हाडाचा किंवा दाताचा नमुना घ्यायचा, देह नव्या पेटीत ठेवायचा आणि त्याच कबरीत परत पुरायचा. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा होता, त्याच्यामुळेच कुटुंबांची संमती मिळाली. नातेवाइकांच्या नमुन्यांशी डीएनए जुळवण्याचं काम अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथकाने कोर्दोबाच्या प्रयोगशाळेत केलं. तीन आवरणांमुळे देह बरेच टिकले होते. वर्ष संपेपर्यंत ८८ जणांची नावं लागली. २६ मार्च २०१८ ला दोनशेहून जास्त नातेवाईक डार्विनला पोहोचले. तोवर तिथल्या पाट्या बदलून नावं कोरली गेली होती.

बेटं कोणाची, हा प्रश्न या करारात कोणी काढलाच नाही. १९८९ मध्ये माद्रिदला ठरलेली तीच पद्धत आहे : सार्वभौमत्वाचा मुद्दा बाजूला ठेवायचा, दोघांचे दावे जसेच्या तसे राहतील असं लिहून द्यायचं आणि हातातलं काम करायचं. १९९० मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जुळले तेही याच वाटेने.

प्रश्न : हे आपल्या सीमाप्रश्नासारखंच नाही का? (कागल)

नकाशा, घोषणा, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली सल, एवढं सारखं आहे. पण गाभा उलटा आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरचा आग्रह तिथे राहणाऱ्या मराठी माणसांचाच आहे. १ नोव्हेंबरचा काळा दिवस तेच पाळतात. फॉकलंडमध्ये राहणाऱ्यांना अर्जेंटिनात जायचंच नाही. मार्च २०१३ च्या सार्वमतात ९२ टक्के मतदान झालं. ब्रिटिश राहायच्या बाजूने १,५१३ मतं पडली, विरोधात ३.

अर्जेंटिनाचं उत्तर असं की १८३३ मध्ये ब्रिटिशांनी बेटं बळाने घेतली आणि नंतर माणसं आणून वसवली, त्यांना स्वयंनिर्णयाचा हक्क लागू होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या ठरावात रहिवाशांचं ‘हित’ बघा असं आहे, ‘इच्छा’ असा शब्द नाही. त्या एका शब्दावर साठ वर्षं वाद चालू आहे.

बेटकऱ्यांचीही सल आहे, ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. गूस ग्रीन या वस्तीत अर्जेंटिनाच्या सैन्याने ११४ जणांना, लहान मुलांसकट, जवळपास महिनाभर एका सभागृहात कोंडलं होतं. स्टॅनलीचं नाव बदललं, गाड्या उजवीकडून चालवायला लावल्या. मेलेले तिघे नागरिक, तिन्ही बायका, ब्रिटिशांच्याच तोफगोळ्याने गेल्या. आणि युद्धाआधी, १९८० मध्ये, बेटं अर्जेंटिनाला देऊन भाडेपट्ट्याने परत घ्यायचा विचार ब्रिटिश सरकार स्वतःच करत होतं. युद्धाने ते दार बंद केलं. १९८३ मध्ये बेटकऱ्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, १९८७ पासून मासेमारीच्या परवान्यांचा पैसा येऊ लागला. लष्करी राजवटीने बेटं जवळ आणायला लढाई केली आणि ती पूर्वीपेक्षा लांब गेली.

प्रश्न : नववीच्या वर्गात यावर चर्चा घ्यायची आहे. कशी मांडावी? (शिक्षक, गडहिंग्लज)

नाव लिहिताना संयुक्त राष्ट्रांची पद्धत घ्या : ‘फॉकलंड बेटे (मालविनास)’. फळ्यावर १ सेंटिमीटरला १०० किलोमीटर या प्रमाणाने काढा. अर्जेंटिनाचा किनारा बेटांपासून ५ सेंटिमीटरच्या आत येतो आणि ब्रिटनसाठी फळ्यावर १३० सेंटिमीटर जावं लागतं. मुलं लगेच म्हणतात, मग बेटं अर्जेंटिनाचीच. तिथे थांबवा आणि विचारा : अंतरावर मालकी ठरते का? आणि क्षेत्रफळ सांगा, सुमारे १२,१७३ चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दीडपट. वस्ती साडेतीन हजारांच्या थोडी वर.

नेहमीची चूक म्हणजे गोष्ट १९८२ पासून सुरू करणे. निदान एवढी सालं लिहा : १७६४ फ्रेंच वसाहत, फ्रान्समधल्या सेंट-मालो बंदराच्या खलाशांवरून ‘मालविनास’ हे नाव, १७६६ ब्रिटिश वसाहत, १७६७ फ्रेंचांनी आपला भाग स्पेनला दिला, १७७४ ब्रिटिश निघून गेले, दाव्याची पाटी ठेवून, १८११ स्पॅनिशही गेले, १८२० ब्युनोस आयर्सच्या वतीने झेंडा लावला, ३ जानेवारी १८३३ ब्रिटिशांनी ताबा घेतला. मग दोन गट करा, आणि अर्ध्या तासाने बाजू बदलायला लावा. बाजू न बदलता घेतलेल्या चर्चेत शेवटी नुसता आवाज चढतो.

प्रश्न : तिथले भूसुरुंग अजून आहेत का? (जयसिंगपूर)

नाहीत. १४ नोव्हेंबर २०२० ला बेटं सुरुंगमुक्त जाहीर झाली. अवघड गेलं, कारण बरेच सुरुंग प्लास्टिकचे होते, धातू नावालाच, त्यामुळे शोधयंत्र ओरडत नसे. शिवाय वाळूच्या टेकड्या वाऱ्याने सरकतात, १९८२ चे नकाशे जागेवर जुळत नसत. सुरुवातीला सुरुंग काढताना ब्रिटिश सैनिक जखमी झाले, तेव्हा काम थांबवून तारेची कुंपणं घातली. २००९ पासून झिम्बाब्वेच्या अनुभवी कामगारांनी गुडघ्यांवर बसून इंच-इंच जमीन तपासली. मधल्या काळात त्या कुंपणांच्या आत पेंग्विन सुखाने राहिले, त्यांच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. आता त्या किनाऱ्यांवर माणसंही जातात.