ताई माझ्याजवळ बसतच नाही

प्रश्न : ताई आणि मी वेगवेगळ्या शहरांत राहतो. वर्षातून तीन-चारदा मी शनिवारी सकाळी पाच तास प्रवास करून तिच्याकडे जाते आणि रविवारी संध्याकाळी निघते. दर वेळी तेच. ताई मशीन लावते, कपाट उपसते, मुलाचा शाळेचा प्रकल्प करून घेते, प्लंबरची वाट बघते. मी सोफ्यावर फोन चाळत बसते. मागच्या खेपेला न राहवून म्हटलं, "मी आलेय ते दिसतंय तरी का तुला?" तर हसून म्हणाली, "अगं, तू काय परकी आहेस?" परतीच्या गाडीत मला रडू फुटलं. यापुढे जावं की नाही?
— धाकटी

उत्तर : जा. फक्त त्या सोफ्यावर बसू नका.

तुम्ही पाहुणी म्हणून जाता आणि ताई तुम्हाला घरातली धरते, सगळा घोळ तिथे आहे. परकं कुणी येणार असतं, तर तिने न धुतलेले कपडे खोलीत कोंबून दार ओढून घेतलं असतं आणि दोन दिवस हसरा चेहरा करून समोर बसली असती. तुमच्यापुढे तिला पसारा लपवावासा वाटत नाही.

शिवाय वेळ तरी किती असतो? सकाळी अकराला पोचून दुसऱ्या दिवशी पाचला निघालात तर 30 तास. झोपेचे आठ गेले, उरले 22. आणि आठवडाभर तुंबलेलं तिचं घर नेमकं त्याच 22 तासांवर डोळा ठेवून असतं. कामं तुमच्याही घरी तुंबलेली असतात, पण तुम्ही ती मागे टाकून आलेल्या असता. तिने ती कुठे टाकायची?

माझा मोठा भाऊ दुसऱ्या शहरात राहतो. मीही त्याच्याकडे जाऊन अशीच गाल फुगवून बसायचे. एकदा दुपारी त्याने दोरीवरच्या चादरी काढून आणल्या आणि काही न बोलता एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. डबलबेडची चादर एकट्याने धड घडी होत नाही. दोघं मागे सरकलो, ताणली, झटकली, टोकाला टोक लावायला एकमेकांकडे चालत आलो. त्याची टोकं माझ्या मुठीत देताना त्याने बोटाला हळूच चिमटा काढला. लहानपणी काढायचा तसाच. तिसऱ्या चादरीला, मान खाली घालून, म्हणाला, "नोकरी जाऊन दीड महिना झाला. आईला सांगितलं नाहीये अजून." मी चौथी चादर उचलली. मग तो बोलत राहिला, उशांचे अभ्रे संपेपर्यंत. खुर्च्या समोरासमोर टाकून "कसा आहेस?" विचारलं असतं, तर "मजेत" म्हणून मोकळा झाला असता, एवढं मी त्याला ओळखते.

तेव्हा पुढच्या वेळी बुधवारीच फोन करून विचारा, "शनिवारी काय काय काढलंयस?" त्यातलं दोघींनी मिळून करायचं एखादं काम मागून घ्या. कपाट उत्तम, उपसताना जुनं काहीतरी निघतंच. आणि त्याच फोनवर एक तास मागा. मूल झोपल्यावरचा, फक्त दोघींचा. मागायला लाज कसली? "मी आलेय ते दिसतंय तरी का तुला?" असं विचारायला लाजला नाहीत, त्यापेक्षा हे सोपं आहे. ताईचंही एका बाबतीत चुकलंच. तुम्ही कळवळून विचारलंत आणि तिने ते हसण्यावारी नेलं. ते तिला सांगा, पण शनिवारी. निघायच्या वेळी बॅग भरता भरता नको.

आता गाडीतल्या रडण्याबद्दल. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा सावध राहतो, बारीकशा आवाजालाही दाद देतो, असं त्यांना दिसलं. त्याच जागी पुढच्या खेपेला झोपल्यावर हा फरक उरला नाही. ताईचं घर तुम्हाला अगदीच नवं नाही, पण मध्ये तीन-चार महिने जातात, आणि तुमच्या वाट्याला तिथे रात्र येते ती एकच. म्हणजे रविवारी तुम्ही बहुधा अर्धवट झोपेत असता, वर पुढ्यात पाच तासांचा प्रवास. त्या अवस्थेत "यापुढे जायचंच नाही" असले निकाल लावू नका, मंगळवारपर्यंत थांबा. जमलं तर शुक्रवारी रात्रीच पोचा, म्हणजे दुसरी रात्र तरी पदरात पडेल.

एक राहिलं. ताई तुमच्याकडे शेवटची कधी आली होती? तुमच्या पत्रात त्याबद्दल अक्षरही नाही. एकदा बोलवा तिला. आणि ती आल्यावर तुमची धुण्याची बादली किती वेळ कोपऱ्यात नुसती पडून राहते, तेही बघा.